चारशेचा शेवटचा फलंदाज कोण? टेड विल्यम्स, सरासरी आणि पसारा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी सरांसमोर एक आलेख ठेवला होता. माझं काम ज्वारीच्या वाणांवर. पंधरा वर्षांच्या चाचण्यांमधलं दर वर्षीचं सगळ्यात जास्त उत्पादन देणारं वाण घ्यायचं आणि ते त्या वर्षीच्या सरासरीपेक्षा किती वर आहे ते मांडायचं, एवढाच तो आलेख. रेघ खाली खाली येत होती. मी खाली लिहूनही टाकलं होतं की अलीकडे पूर्वीसारखी असामान्य वाणं येत नाहीत. सरांनी कागद उलटा करून परत दिला. म्हणाले, "टोक कशाला बघतेस? मधला सगळा पसारा मोजलास का?" आणि वाचायला एक प्रकरण दिलं. ते निघालं बेसबॉलवर!

मला बेसबॉलमधलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. पण त्या प्रकरणात एक माणूस भेटला, टेड विल्यम्स नावाचा आउटफिल्डर. त्याच्या एका आकड्यामुळे माझा तो आलेख चुकीचा ठरला. आणि गेल्या दोन वर्षांत त्याच आकड्याचा अर्थ पुन्हा एकदा बदललाय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडं बेसबॉल. आपण क्रिकेटवाले 'सरासरी' म्हटलं की दर बाद होण्यामागे किती धावा असं समजतो. बेसबॉलमध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेजचा धावांशी संबंध नाही. बॅटरने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकांनी बाद करायच्या आत तो पहिल्या बेसवर किंवा त्याच्या पुढे पोचला, की ती 'हिट'. एकूण हिट भागिले एकूण संधी, झालं. पिचरने वाईट चेंडू टाकून फुकट बेस दिला, तर ती संधी धरतच नाहीत. दहातल्या तीन वेळा ज्याला हिट मिळते तो मोठा खेळाडू. म्हणजे तो सात वेळा फसलेला असतो! दहातल्या चार वेळा जमलं, म्हणजे ०.४०० गाठलं, तर इतिहासात नाव. हा खेळ किती अवघड आहे ते यावरूनच कळतं. ताशी नव्वद मैलांनी येणारा चेंडू साडेअठरा मीटरवरून बॅटरपर्यंत पोचायला साधारण ०.४ सेकंद घेतो. मारायचं की सोडायचं हे त्यातल्या निम्म्या वेळात ठरवावं लागतं.

टेड विल्यम्सचा जन्म १९१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. आईचं माहेर मेक्सिकन वंशाचं. आई साल्व्हेशन आर्मीच्या कामात दिवसभर बाहेर, आणि पोरगा मैदानावर. १९३९ मध्ये तो बॉस्टन रेड सॉक्सकडून खेळायला लागला आणि शेवटपर्यंत त्याच संघात राहिला. पहिला हंगाम राइट फिल्डमध्ये, १९४० पासून मुख्यतः लेफ्ट फिल्डमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या त्या ३७ फूट उंच भिंतीसमोर. क्षेत्ररक्षणात त्याला मनापासून रस नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत तो आउटफिल्डमध्ये उभा राहून हातात बॅट नसतानाच बॅट फिरवायचा सराव करत बसायचा. आपल्याकडे शाळेतली पोरं रस्त्यात चालताना हवेत कव्हर ड्राइव्ह मारतात ना, अगदी तसं.

आता तो दिवस. २८ सप्टेंबर १९४१, रविवार, हंगामाचा शेवटचा दिवस. बॉस्टनचे फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने. सकाळी विल्यम्सच्या खात्यात ४४८ संधींत १७९ हिट होत्या. भागाकार येतो ०.३९९५५. तीन दशांशांपर्यंत पूर्ण केलं की ०.४००. म्हणजे तो बाकावर बसून राहिला असता तरी पुस्तकात चारशेच छापलं गेलं असतं. संघाचा मॅनेजर जो क्रोनिन याने बसायचं की खेळायचं ते त्याच्यावर सोडलं. विल्यम्स दोन्ही सामने खेळला. पहिल्यात पाचपैकी चार, दुसऱ्यात तीनपैकी दोन. एकूण १८५ भागिले ४५६, म्हणजे ०.४०६. त्यानंतर अमेरिकेच्या दोन मुख्य लीगमध्ये पूर्ण हंगामात चारशे कोणीही केलेले नाहीत. १९८० मध्ये जॉर्ज ब्रेट ०.३९० पर्यंत पोचला. १९९४ मध्ये टोनी ग्विन ०.३९४ वर असताना ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि हंगामच बुडाला.

त्याआधी काय होतं? १९०१ ते १९३० या काळात याच दोन लीगमध्ये चारशेची वेस बारा वेळा ओलांडली गेली होती. बारा वेळा, मग १९४१ मध्ये एकदा, मग शून्य. हे वाचल्यावर माझ्या मनात जे आलं तेच अमेरिकेतल्या प्रत्येक म्हाताऱ्या चाहत्याच्या मनात आलं होतं: पूर्वीची माणसंच वेगळी, आताच्यांत दम नाही.

स्टीफन जे गूल्ड हे जीवाश्मांचे अभ्यासक, हार्वर्डचे प्राध्यापक आणि बेसबॉलवेडे. १९८२ मध्ये त्यांना एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्या आजाराचा मध्यक जीवनकाल आठ महिन्यांचा. पण मध्यकाच्या उजवीकडे लांबलचक शेपूट असू शकते आणि आपण त्या शेपटात असू शकतो, हे ओळखून त्यांनी त्यावर एक गाजलेला लेख लिहिला. पुढे ते वीस वर्षं जगले. सांगायचा मुद्दा, सरासरीपेक्षा पसारा बघायची या माणसाला सवय होती, आणि तीच त्यांनी बेसबॉलला लावली. १९८० च्या दशकात लेख लिहिला आणि १९९६ मध्ये पूर्ण पुस्तकच.

त्यांनी बघितलं, की सगळ्या नियमित फलंदाजांची सरासरी शंभर वर्षं ०.२६० च्या आसपासच घुटमळते आहे. फलंदाज सुधारले तसे पिचरही सुधारले, हातमोजे मोठे झाले. पारडं फार एका बाजूला झुकलं की नियम बदलून परत जागेवर आणलं गेलं. पण प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, सतत आकसत आलाय. १९१० च्या दशकात सरासरी ०.२६६ आणि प्रमाण विचलन ०.०३७१. १९४० च्या दशकात ०.२६७ आणि ०.०३२६. १९७० च्या दशकात ०.२६१ आणि ०.०३१७.

आता प्रत्येक मोठा फलंदाज आपल्या काळातल्या सरासरीपेक्षा किती 'विचलनं' वर होता ते काढू. टाय कॉबचे १९११ मधले ०.४२० म्हणजे ४.१५. विल्यम्सचे ०.४०६ म्हणजे ४.२६. ब्रेटचे ०.३९० (त्याला १९७० च्या दशकाचे आकडे लावून) ४.०७. कागदावर तीस गुणांचा फरक दिसतो, पण आपापल्या काळात हे तिघं जवळपास सारख्याच उंचीवर उभे आहेत. ब्रेटमध्ये दम कमी नव्हता. त्याच्या भोवतीची सगळी मंडळी वर सरकली होती. गूल्ड म्हणतात की माणसाच्या क्षमतेला उजवीकडे एक भिंत असते. खेळ बाल्यावस्थेत असताना सर्वसाधारण खेळाडू त्या भिंतीपासून फार लांब असतो, त्यामुळे भिंतीला टेकलेला एखादा प्रचंड उठून दिसतो. सगळेच भिंतीकडे सरकले की उठून दिसायला जागाच उरत नाही. वर्गात दोघांचीच शिकवणी असेल तर पहिला नंबर वीस मार्कांनी येतो, आणि सगळ्यांची असेल तर अर्ध्या मार्काने. पहिला आलेला तितकाच हुशार असतो.

माझ्या ज्वारीत नेमकं हेच होतं. सर्वोच्च वाण 'घसरलं' नव्हतं. खालची वाणं वर आली होती.

एक गोष्ट मात्र गूल्डच्या पुस्तकातली नाही, मी स्वतः करून बघितली. ४५६ संधी हा काही फार मोठा नमुना नाही. खरी क्षमता ०.४०० असेल, तर इतक्या संधींत नुसत्या नशिबाने येणारी प्रमाणत्रुटी सुमारे ०.०२३ निघते. म्हणजे विल्यम्सची १९४१ मधली 'खरी' पातळी ०.३८५ असणं किंवा ०.४२५ असणं, दोन्ही शक्य आहे. शिवाय त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे उंच फटका झेलबाद होऊन सहकाऱ्याची धाव झाली तरी ती संधी वाया गेली असं धरत. आजच्या नियमाने मोजलं तर त्याचे ०.४११ होतात. चारशे ही रेघ माणसाने आखलेली आहे, ती ०.३९९ आणि ०.४०१ मध्ये निसर्गाने घातलेलं कुंपण नव्हे. मला विचाराल तर त्या हंगामातला जास्त थोर आकडा वेगळाच आहे. फुकट मिळालेले बेस धरले, तर १९४१ मध्ये तो निम्म्याहून जास्त वेळा बेसवर पोचला, ०.५५३. वाईट चेंडू सोडून देणं हीच त्याची खरी विद्या होती.

त्याच्या नजरेबद्दल खूप दंतकथा आहेत. सैन्याच्या तपासणीत ती २०/१० निघाली, आपल्या पद्धतीने ६/३. मग लोक म्हणू लागले की याला फिरत्या चेंडूची शिवण दिसते. तो स्वतः हे उडवून लावायचा, सगळं श्रेय सरावाला आणि चेंडू निवडण्याला द्यायचा. निवृत्तीनंतर त्याने फलंदाजीच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात स्ट्राइक झोनमध्ये ७७ चेंडूंची जाळी आखून प्रत्येक जागेवरच्या चेंडूवर आपली सरासरी किती येईल ते लिहिलंय. मधोमध ०.४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ०.२३०. हे अंदाजाने लिहिलेले आकडे आहेत, मोजलेले नाहीत. पण मला तो चार्ट फार आवडतो. मारायची जागा निवडली तर सरासरी बदलते, हे त्याने संगणक नसताना एका चित्रात दाखवलं.

मग युद्ध आलं. १९४३, ४४, ४५ हे तिन्ही हंगाम तो वैमानिक प्रशिक्षणात आणि प्रशिक्षक म्हणून नौदल-मरीनच्या सेवेत. वय २४ ते २६, म्हणजे ऐन उमेदीची वर्षं. परत येऊन १९४६ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब. १९५२ मध्ये कोरियन युद्धासाठी पुन्हा बोलावणं. तिथे त्याने ३९ लढाऊ मोहिमा केल्या, काही वेळा जॉन ग्लेनचा जोडीदार म्हणून. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकन अंतराळवीर तो हाच ग्लेन. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळीबार लागलेलं, पेटलेलं जेट विल्यम्सने चाकं न उघडता धावपट्टीवर घासत उतरवलं आणि जिवंत बाहेर आला. पाचेक हंगाम असे गेले, तरीही कारकिर्दीत ५२१ होम रन आणि ०.३४४ ची सरासरी. १९५७ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, ०.३८८! शेवटचा सामना फेनवेवर, २८ सप्टेंबर १९६०. १९४१ मधली तीच तारीख. शेवटच्या संधीत त्याने होम रन मारला. प्रेक्षक उभे राहून टोपी काढ म्हणून ओरडत होते. वर्षानुवर्षं बॉस्टनच्या पत्रकारांशी आणि प्रेक्षकांशी भांडलेला हा माणूस टोपीला हात न लावता आत निघून गेला.

खरं तर निवृत्तीनंतरचा विल्यम्स मला जास्त विचार करायला लावतो.

जुलै १९६६ मध्ये कूपर्सटाउनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. भाषण छोटंसं. आभार मानता मानता त्याने मध्येच सांगितलं की सॅचेल पेज आणि जोश गिब्सन हे एक दिवस इथे यायला हवेत. ते इथे नाहीत याचं कारण एवढंच, की त्यांना संधी दिली गेली नाही. हे दोघं कृष्णवर्णीय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत मुख्य लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं जात नव्हतं. ते वेगळ्या 'नीग्रो लीग'मध्ये खेळत. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी वारला, आणि तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनसाठी ते दार उघडलं. विल्यम्सचा स्वतःचा संघ तर सगळ्यात शेवटी, १९५९ मध्ये, बधला. तो पहिला खेळाडू पम्प्सी ग्रीन. सामन्याआधीच्या सरावात विल्यम्सने त्याला जोडीदार म्हणून घेतलं होतं. अशा ठिकाणी, आपल्याच सत्काराच्या दिवशी, कोणी विचारलं नसताना हे बोलणं सोपं नव्हतं. पेज १९७१ मध्ये आत आला, गिब्सन १९७२ मध्ये, मरणोत्तर.

१९६९ मध्ये तो वॉशिंग्टन सेनेटर्सचा मॅनेजर झाला. आदल्या वर्षी संघाची सरासरी ०.२२४ होती, त्याच्या हाताखाली ०.२५१ झाली. ६५ विजयांवरून संघ ८६ वर गेला. सगळीकडे वाहवा. पण आता आपण शहाणे झालोय ना, तर लीग बघू. त्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला होता आणि स्ट्राइक झोन लहान केला होता. त्यामुळे सगळ्या अमेरिकन लीगचीच सरासरी ०.२३० वरून ०.२४६ झाली. म्हणजे २७ गुणांच्या वाढीतले १६ गुण नियमाचे. उरलेल्या ११ मध्ये गुरुजींचा वाटा असेल, थोडं नशीबही असेल. १९७२ मध्ये हाच संघ टेक्सासला गेला आणि १०० सामने हरला. विल्यम्सने ते काम सोडलं आणि फ्लोरिडात मासे पकडायला गेला. मासेमारीतही तो जगात नावाजलेला होता. बॉस्टनच्या कर्करोगग्रस्त मुलांसाठीच्या जिमी फंडाचं काम मात्र त्याने आयुष्यभर केलं.

१९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्या प्रसिद्ध डोळ्यांची बरीचशी दृष्टी गेली. १९९९ मध्ये फेनवेवर ऑल-स्टार सामना होता. म्हाताऱ्या विल्यम्सला छोट्या गाडीतून मैदानात आणलं, आणि या वेळी त्याने टोपी काढून हलवली. त्या काळचे सगळे बडे खेळाडू त्याच्याभोवती गोळा झाले. पहिला चेंडू टाकायला त्याला आधार देऊन उभं केलं ते टोनी ग्विनने, ०.३९४ वर अडकलेल्या त्याच ग्विनने. ५ जुलै २००२ ला विल्यम्स गेला. त्यानंतर मुलांमध्ये कोर्टापर्यंत वाद झाला. मृत्युपत्रात दहन लिहिलं होतं, पण देह अ‍ॅरिझोनातल्या एका संस्थेत अतिथंड करून ठेवला गेला, डोकं वेगळं काढून. पुढेमागे विज्ञान जिवंत करेल, ही आशा. गोठलेल्या मेंदूच्या ऊतींबद्दल आज जे माहीत आहे त्यावरून ही आशा मला अजिबात पटत नाही. यावर अमेरिकेत जेवढे विनोद झाले, तेही मला आवडले नाहीत.

आता अलीकडचा बदल. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या नीग्रो लीगना मुख्य लीगचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत तक्त्यात मिसळले. २,३०० हून अधिक खेळाडू एका दिवसात इतिहासात आले. कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ ने जोश गिब्सन सगळ्यांच्या वर, कॉबचे ०.३६७ दुसरे. एका हंगामाचा विक्रमही गिब्सनचा: ०.४६६, साल १९४३. म्हणजे १९४१ च्या नंतर! 'शेवटचे चारशे' ही विल्यम्सची ऐंशी वर्षांची ओळख एका तक्त्याने संपवली.

यावर आक्षेप आलेच. नीग्रो लीगचे हंगाम छोटे, साठेक सामन्यांचे. आक्षेप गणिताने बरोबर आहे. संधी निम्म्या झाल्या की प्रमाणत्रुटी ०.०२३ वरून ०.०३२ च्या पुढे जाते आणि टोकाचे आकडे जास्त दिसतात. पण मग गूल्डचं गणितही उलटून बघावं लागेल. ज्या लीगने गिब्सनला बाहेर ठेवलं, त्या लीगमध्ये त्याच्या जागी कोणीतरी कमी कुवतीचा माणूस खेळत होता. १९४१ चा पसारा जेवढा मोजला गेला, त्यातला काही भाग या बंद दाराने तयार केलेला होता. विल्यम्स त्या वर्षी सॅचेल पेजच्या चेंडूंसमोर उभा राहिला असता, तर ४.२६ चा आकडा तेवढाच आला असता का? मला वाटतं, नाही. १९६६ मधल्या त्या भाषणात त्याने जवळपास हेच म्हटलं होतं, फक्त आकड्यांशिवाय.

हे वाचलं तेव्हा मी थीसिसचं तिसरं प्रकरण लिहीत होते, आणि मला माझ्या कपाटातली एक वही आठवली. जुन्या गावरान ज्वारीच्या नोंदी. 'दगडी' वगैरे वाणं, छोट्या वाफ्यांत, एकेका हंगामापुरती घेतलेली, हाताने लिहिलेली. "नमुना लहान आहे" म्हणून मी ती विश्लेषणातून वगळली होती. वगळलेल्या ओळींचं कारण मी एका वाक्यात उरकलं होतं, आणि समितीतल्या कोणी ते विचारलंही नव्हतं. गेल्या महिन्यात ती सगळी परत आत घेतली, त्रुटीचे पट्टे रुंद ठेवून. आलेखाचा उतार कमी झाला, नाहीसा झाला नाही. दोन गावरान वाणं मात्र आता वरच्या पाचांत आहेत.

नीग्रो लीगच्या नोंदी अजून पूर्ण नाहीत, साधारण तीन चतुर्थांश हाती आल्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जुन्या वर्तमानपत्रांतून स्कोअरकार्डं शोधायचं काम चालू आहे. गिब्सनचे ०.३७२ उद्या ०.३७० होतील किंवा ०.३७५ होतील.